दादाच्या पियानोची आवराआवर

तेरवी आटोपली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या खोलीत जाऊन त्याचा पियानो आवरायला घेतला. झाकण उचललं की आत तारा दिसत, आणि तारांमध्ये खोचलेल्या वस्तू. बोल्ट, वॉशर, रबराचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे, सरकी भरून शिवलेल्या बोटाएवढ्या पिशव्या. त्यांच्यामुळे पट्टी दाबली की पियानोसारखा आवाज येतच नसे. कुठे घंटा वाजल्यासारखं होई, कुठे ओल्या लाकडावर ठोकल्यासारखं.

मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. प्रत्येक वस्तू मी हलक्या हाताने काढली, फडक्याने पुसली, जातीप्रमाणे वेगळी केली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरली. बरण्यांवर लेबलं लावली. एकही वस्तू हरवू दिली नाही. मग नागपूरहून माणूस बोलावून पियानो सुरात लावून घेतला. दादाचं राहिलेलं एक काम केलं, असं मला वाटलं.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वडील दिग्रसच्या तहसील कचेरीत कारकून होते. घरात एक पेटी होती, तीवर तो शिकला. नागपूरला कॉलेजात असताना एका चर्चच्या हॉलमध्ये त्याला पियानो सापडला. हॉल झाडून देण्याच्या बोलीवर तो तिथे रोज दोन तास बसे. पुढे पुण्यात मुलांच्या शिकवण्या केल्या, आणि तिथून युरोपात गेला तो वीस-बावीस वर्षं तिकडेच राहिला. समोर कागद न ठेवता, आधी काही न ठरवता, त्या क्षणी सुचेल ते चार-पाच जणांनी मिळून वाजवायचं, हे त्याचं काम. ऐकायला तीस-चाळीस माणसं. त्याची पहिली रेकॉर्ड टपालाने आली तेव्हा आईने तिला हळदकुंकू वाहून ती देवघरात ठेवली. वाजवायला घरात यंत्रच नव्हतं.

तो सुट्टीवर आला की वडील विचारत, "आज वाजवलंस ते उद्या पुन्हा तसंच वाजवता येतं का?"

"नाही येत."

"मग शिकलास काय तू?"

दादा हसे. मीही हसत असे, वडिलांच्या बाजूने.

पाच वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला. मुंबईतल्या एका शाळेने काढून टाकलेला मोठा आडवा पियानो त्याने ट्रकने आणवला. गावातल्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी उचलणाऱ्या आठ हमालांनी तो उतरवला. तिथल्या फिटरशी दादाची गट्टी जमली. फिटर त्याला खिसा भरून बोल्ट आणून देई आणि विचारी, "सर, हे कायले पायजे तुमाले? पियानो ढिल्ला झाला का?"

"ढिल्ला नाही रे, फारच सरळ आहे. त्याला थोडा बिघडवतोय."

गावात त्याने एकदाच कार्यक्रम केला. पंधरा-वीस मिनिटं कोपराने, तळहाताने वाजवून झाल्यावर मागच्या रांगेतून फिटरच म्हणाला, "चेकिंग झालं असन त सुरू करा ना बाप्पा." सगळ्यात मोठ्याने दादा हसला.

पियानो आवरल्यानंतर महिन्याभराने पुण्याहून एक बाई आल्या. चेलो हे व्हायोलिनसारखं मोठं वाद्य वाजवतात, युरोपात दादाबरोबर अठरा वर्षं वाजवलेल्या. दादा गेल्याचं मी फोनवर कळवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पियानो सांभाळा, मी येते." यवतमाळहून एसटीने आल्या, खांद्याला रेकॉर्डिंगच्या सामानाची पिशवी. चहासुद्धा नको म्हणाल्या. दादाच्या खोलीत जाऊन झाकण उघडलं आणि आत बघत उभ्या राहिल्या.

"यातलं सामान?"

मी कपाटातून बरण्या काढल्या. "सगळं आहे. एकही नग गेलेला नाही."

त्यांनी एक बरणी उचलून लेबल वाचलं. 'बोल्ट, मध्यम.' मग हळूच जमिनीवर बसल्या.

"कोणता कुठल्या तारेत होता, ते लिहून ठेवलंय?"

"नाही."

"फोटो?"

"नाही. पण तो तर रोज नवीनच वाजवायचा ना?"

"वाजवायचे रोज नवीन. पियानो तोच असायचा." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "बोल्ट बोटभर सरकला तरी आवाज बदलतो. दीड वर्ष ते एकेक तार जुळवत होते. जायच्या चार दिवस आधी फोन आला, आता पियानो तयार आहे, ये. मी आज प्रत्येक पट्टी एकदा वाजवून रेकॉर्ड करणार होते. तेवढं तरी राहिलं असतं."

दादाने मागे ठेवलेलं लिखाण एवढं एकच होतं. तारांमध्ये लिहिलेलं, आणि मी ते पुसून, वर्गवारी करून, बरण्यांत भरलं होतं. आधी न ठरवता वाजवणं म्हणजे कशाचाच काही ठिकाणा नसणं, अशी माझी समजूत. पुस्तकात एक शब्द अडला तर मी तीन कोश काढून बसे. भावाला कधी काही विचारलं नव्हतं.

दारातून बायको म्हणाली, "भाऊजींनी एका शब्दाने सांगायचं तरी."

"विचारलं होतं का कोणी?" बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या उठून पियानोपुढच्या स्टुलावर बसल्या. "तुम्ही रोज ऐकत होता."

"भिंतीपलीकडून. मी दार लावून वाचत बसायचो."

"काहीतरी गेलं असेल कानावर."

डाव्या टोकाकडची असावी अशी एक पट्टी मला आठवत होती. दादा बसला की आधी तीच दाबायचा. पातेल्यावर झाकण पडून थरथरत राहावं तसा आवाज. बाईंनी ती अंदाजाने शोधली. मी मोठा बोल्ट तारेपाशी धरला. आवाज चुकला. वॉशर लावला, पुढे सरकवला, मागे घेतला, बोल्ट बदलला. तासभर असंच. आणि एकदा तो आवाज आला. खोलीत दादा असल्यासारखा इतका जवळून आला की माझा हात तारेवरून उडाला.

"हाच?"

"हाच."

त्यांनी मायक्रोफोन सरकवला, पट्टी तीनदा दाबली, रेकॉर्ड केली. मग बोट शेजारच्या पट्टीवर नेऊन माझ्याकडे पाहिलं.

"आणि ही?"

मी बरण्यांकडे पाहिलं, मग तारांकडे. ती पट्टी मी कधी ऐकली होती की नव्हती, तेही मला सांगता येईना.