तेवीस चोक

पाढा तोंडानं म्हटल्याशिवाय मला आकडा सापडतच नाही. राधानगरीकडच्या आमच्या शाळेत सुटण्याआधी अख्खा वर्ग उभा राहून तिसापर्यंतचे पाढे ओरडायचा. कुणाचा सूर चुकला ते गुरुजींना पाठमोरं असतानाही कळायचं. पुढं कोल्हापुरात गणित घेऊन बी.एस्सी. झाले, तरी ओठ हलायचे थांबले नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वडील डेअरीत दुधाचे कॅन उचलायचे. हे मी तेव्हाही ताठ मानेनं सांगायचे.

त्याच मानेनं एका खाजगी क्लासच्या सरांपुढं जाऊन बसले होते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अंकगणित शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. सर घशासाठी सारखी लवंग चघळायचे. माझी मार्कशीट त्यांनी न वाचताच पालथी घातली.

"पदवीवालं ढिगानं हाईत," म्हणाले. मग सांगितलं, की इंटरनेटवर तोंडी हिशेबाच्या कोड्यांची स्पर्धा चाललीय, हरला की बाद. तिच्यात शेवटच्या आठात या, बॅच तुमची. नाही आलात तर परत जिना चढू नका.

मला ती बॅच हवी होती. नाहीतर गावी परत, आणि मग पदवी ट्रंकेत.

घरी कॉम्प्युटर असायचा प्रश्नच नव्हता. राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत जाऊन खेळायचे. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेली खुराडी, पुढं मळका पडदा, दिवसासुद्धा आत अंधार. कॉम्प्युटरवर आकड्यांचा चौकोन यायचा, त्यातलं एक घर रिकामं. जो आधी बरोबर आकडा टाकेल त्याला गुण. चुकला तर गुण समोरच्याला. पाच गुण आधी करील तो पुढं. सुरुवातीच्या फेऱ्या एकाच शहरातल्या लोकांत लावलेल्या, म्हणजे समोरचा कोल्हापूरचाच असणार, एवढंच कळायचं. बाकी नुसतं टोपणनाव.

शहरातली शेवटची फेरी जिंकली की शेवटचे आठ. त्या दुपारी पहिले दोन गुण मी सहज घेतले. तिसऱ्या चौकोनाला पुटपुटत उत्तरापर्यंत पोचले, बोट बटणावर टेकवणार, तोवर समोरच्याचा गुण झालेला. पुढच्यालाही तेच. आकडा माझ्या तोंडातून निघायचा आणि बोटाआधी पडद्यावर उमटायचा, त्याच्या नावावर. जणू माझ्याच ओठांना त्याचा हात जोडलेला.

मग मी तोंडावर हात ठेवून बघितला. समोरचा गप्प. तो थांबला होता. घड्याळ सरकत होतं आणि दोघंही काही टाकत नव्हतो. मला तोंड मिटून आकडा सापडेना, आणि तो कशाची तरी वाट बघत होता. ते कोडं तसंच वाया गेलं.

पुढच्या कोड्याला मला राहवलं नाही, ओठ हलले. तेवढ्यात उजवीकडच्या फळीमागं कीबोर्ड खडखडला, आणि त्याच क्षणी त्याचा गुण झाला.

तो शेजारीच होता. फळीला कान लावून बसलेला. आता मी श्वास घेतला तरी त्याला ऐकू जातोय असं वाटायला लागलं. आणि तेव्हाच वास आला. उग्र, ओला, लवंगेचा.

चार-चार झालं होतं. मध्ये दोन गुण मी कसेबसे बोटांवर मोजून काढले होते, आणि एक त्यानं माझ्या तोंडून नेला होता. उठून त्याचा पडदा ओढावा असं वाटलं. पण उठले तरी घड्याळ थांबणार नव्हतं. शेवटचा चौकोन आला. बघितल्याबरोबर कळलं, तेविसाचा पाढा. उत्तर ब्याण्णव. हा एक आकडा मला न बोलता दिसला.

मी तोंड फळीकडं वळवलं आणि शाळेतल्या सुरात म्हटलं, "तेवीस चोक चौऱ्याण्णव."

कीबोर्ड वाजला. पडद्यावर त्याचं उत्तर लाल झालं आणि पाचवा गुण माझ्या नावावर आला.

पलीकडं खुर्ची सरकली. माझा पडदा बाजूला झाला. सर उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"तेवीस चोक चौऱ्याण्णव?"

"न्हाय सर. ब्याण्णव. पण एंटर तुम्हीच मारलासा की."

ते लवंग चघळत माझ्याकडं बघत राहिले. मार्कशीटकडं बघितलं नव्हतं एवढं निरखून.

"सोमवारपासनं या," म्हणाले आणि पडदा सोडून गेले.

पुढची फेरी मी हरले, पण आठात आले होते. सोमवारी गेले. जिना चढले. वर एकच लांबडी खोली होती, मधोमध प्लायवूडची फळी घालून तिचे दोन वर्ग केलेले. अलीकडं माझी बॅच, पलीकडं सरांची. मी वडिलांना फोन करून सांगितलं, नोकरी लागली, वर्ग चांगला आहे.

मुलांना उभं केलं आणि तेविसाचा पाढा धरला, मोठ्यानं, जसा शिकले तसाच. तेवीस दुणे होईपर्यंत पलीकडून सरांच्या खडूचा आवाज येत होता. मग तो थांबला. फळीच्या फटीतून लवंगेचा वास आला.

मी सूर बदलला नाही. त्या क्लासात होते तोवर रोज म्हटला, आणि रोज माझ्या पाढ्याला पलीकडचा खडू थांबायचा.