पेन्सिलीचा ठिपका

मॅडमच्या अंबाड्यात कायम एक शिसपेन्सिल खोचलेली असायची. एखाद्या पोरानं धडाधड व्याख्या म्हणून दाखवली की ती पेन्सिल बाहेर यायची, वहीत त्याच्या नावापुढं एक ठिपका पडायचा आणि मॅडम म्हणायच्या, "हाव, सांगितलंस. आता करून दाखव." त्यानं करून दाखवलं की पर्समधला निळा पेन निघायचा आणि त्या ठिपक्यावर बरोबरची खूण व्हायची. करून दाखवता आलं नाही तर ठिपका तसाच राहायचा, मग वर्गात पहिला येणारा का असेना.

औशाच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत, आमची जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा. मॅडम मूळच्या नांदेडकडच्या, अर्धापूरच्या. सहावी-सातवीला आणि नंतर आठवीलाही विज्ञान शिकवायच्या. मी मराठीचा शिक्षक, आणि मुख्याध्यापकाची जागा भरत नाही म्हणून प्रभारी मुख्याध्यापक. प्रभारी माणसाची तऱ्हा तुम्हीही पाहिली असेल. त्याला अधिकार कमी आणि भीती जास्त. कपाटांच्या चाव्यांचा जुडगा माझ्याकडं असे आणि माझा सगळा जीव त्या जुडग्यात.

हल्ली प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक विषयाला अध्ययन निष्पत्ती ठरवून दिलेल्या असतात. म्हणजे वर्ष संपेपर्यंत मुलाला काय काय करता यायला हवं, त्याची यादी. आम्ही बाकीचे शिक्षक फेब्रुवारी महिन्यात एका बैठकीत, चहा पीत, वरपासून खालपर्यंत खुणा ओढून मोकळे व्हायचो. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. पोरं काही ना काही शिकलेली असतातच की. मॅडमना मात्र ती यादी शपथेसारखी वाटायची. त्यांच्या या वागण्याचा आम्हाला त्रास व्हायचा, हे कबूल करतो. 'अडेलतट्टू' हा शब्द मी स्वतः स्टाफरूममध्ये वापरलेला आहे.

उष्णता कशातून लवकर वाहते हे शिकवायला त्यांनी एकदा सातवीचा वर्ग सरळ खिचडी शिजते तिथं नेला. एक स्टीलचा चमचा, एक लाकडी उलथणं आणि माझ्या टेबलावरचा साखरेचा प्लास्टिकचा चमचा, तिन्ही गरम वरणात उभे केले. पोरं ओळीनं दांड्याला बोट लावून जात होती. स्वयंपाकाच्या मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, ह्या बाईला आवरा. आज वरण वाढायचं का तपासायचं?" त्या दिवशी जेवण अर्धा तास उशिरा झालं आणि माझा चमचा वाकडा झाला. पण सातवीच्या सगळ्या नावांपुढं निळ्या खुणा होत्या.

आता खरी गोष्ट सांगतो. आठवीच्या तक्त्यात एक रकाना होता: सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहणे आणि आकृती काढणे. शाळेला सूक्ष्मदर्शक मिळालेला होता. मी तो थर्माकोलसकट कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. कारण शाळेच्या वस्तूंची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरला माझी सही होती, आणि वस्तू फुटली तर जबाब मला द्यावा लागणार होता. सहा वर्षं तो कपाटात होता आणि सहा वर्षं त्या रकान्यात खुणा होत होत्या. पुस्तकातली आकृती पोरं सुरेख काढायची. मॅडमनी आठवीचा वर्ग हाती घेतला त्या वर्षी तो रकाना पहिल्यांदा पूर्ण कोरा राहिला.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला. माहिती ऑनलाइन भरायची होती आणि आमच्या एका कोऱ्या रकान्यामुळं सगळं अडलं होतं. मी मॅडमना बोलावलं.

"मॅडम, एकच रकाना हाय. टिका मारा अन् मोकळं व्हा."

"कुलूप काढा सर, मारते."

"अन् फुटला तर?"

"तर माझ्या नावावर लिवा." मग त्या खुर्चीवर बसल्या. "आठवीत एकतीस लेकरं हायत. नववीला औशाला किती जातील, ते तुमालाबी ठाऊक हाय. बाकीच्यांची शाळा एप्रिलात संपली म्हणून समजा. त्यांना जन्मात पुन्हा कोण दाखवणार हाय, सांगा."

 साहेबांचा फोन टेबलावर स्पीकरवर चालूच होता. साहेब म्हणाले, रकाना भरला नाही तर दोघांनाही नोटीस निघेल. मॅडम फोनकडं वाकून म्हणाल्या, "द्या साहेब. म्या उत्तराचा कागद काढूनच ठेवलाय."

मी कुलूप काढलं. डबा उघडला. मॅडमनी उजेडाला धरून भिंगं पाहिली. आत पांढरी बुरशी पसरली होती. सहा वर्षं मी जी वस्तू जिवापाड जपली, ती जपण्यानंच आंधळी झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम रागावल्या नाहीत. "पहिली बुरशी तुमीच दाखवली सर," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या डबा घेऊन लातूरला गेल्या. गंजगोलाईजवळच्या एका चष्मेवाल्याला गळ घालून भिंगं साफ करून आणली. एसटीत डबा मांडीवर होता. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "मॅडम, देव हाय का काय आत?" त्यावर यांचं उत्तर, "त्याच्याहून नाजूक हाय. गाडी हळू घ्यायला सांगा."

सोमवारपासून व्हरांड्यात टेबल लागलं. कांदे खिचडीच्या खोलीतून आले, आयोडीन प्रथमोपचार पेटीतून. पोरं एकेक करून डोळा लावत आणि आकृती काढत. निम्म्या वह्यांत जाड काळ्या काठाचे गोल निघाले. मॅडम पेन्सिलीचा ठिपका देत. "हा हवेचा बुडबुडा हाय. पेशी विटांच्या भिंतीवानी दिसत्यात. काच हळू टेकव. पुन्हा कर." एक मुलगी तिसऱ्यांदा परत पाठवल्यावर रडायला लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, द्या की हो एक खूण, काय बिघडतंय?

"रडू द्या. आज खूण दिली तर हसंल, अन् बुडबुड्यालाच पेशी म्हणत ऱ्हाईल," मॅडम म्हणाल्या. "सर, तुमीबी या की. बसा."

मी बसलो. ऐटीत डोळा लावला, ऐटीत आकृती काढली आणि मराठीच्या शिक्षकाला शोभेल अशा अक्षरात खाली 'पेशी' असं लिहिलं. मॅडमनी वही पाहिली. मागं पोरं तोंडाला हात लावून हसत होती, कारण त्यांना आता कळत होतं. मॅडमनी तक्त्यात एकतीस नावांच्या खाली बत्तीसावं नाव लिहिलं, माझं, आणि पुढं पेन्सिलीनं ठिपका दिला.

दोन आठवड्यांत तीस खुणा झाल्या. एक मुलगी राहिली. तिची आई बाळंत झाली होती आणि घर हिच्यावर पडलं होतं. ती शाळेत येतच नव्हती. तोवर नोटीस आली होती. मला वाटलं, आता मॅडम थांबतील. त्या म्हणाल्या, "सर, गाडी काढा." मी मोटारसायकल काढली. मागं मॅडम, त्यांच्या मांडीवर डबा. त्या कच्च्या रस्त्यावर मी जन्मात चालवली नव्हती इतकी हळू गाडी चालवली.

मुलगी ओट्यावर बाळाला घेऊन बसली होती. मॅडमनी बाळ उचलून माझ्याकडं दिलं, घरातलाच कांदा मागितला आणि तिच्याच हातानं पापुद्रा काढवून घेतला. मग सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा उजेडाकडं वळवून दिला. पोरगी बराच वेळ वाकून पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, सगळ्या कांद्यात हे असंच असतंय?"

"हाव."

"अन् मी रोज चिरून राहिले की ह्यांना."

तिनं आकृती काढली. विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत एक ठिपका. मॅडमनी निळा पेन काढला. ती मुलगी पुढं नववीला गेली नाही, हे मला सांगायलाच हवं. मॅडमचा अंदाज खरा ठरला. पण तिच्या नावापुढं खूण आहे आणि ती खरी आहे. त्याआधीच्या माझ्या सहा वर्षांतल्या एकाही खुणेबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

नोटिशीला मॅडमनी एका ओळीचं उत्तर दिलं: काम उशिरा झाले, म्हणून नोंद उशिरा केली. त्यावर पुढं काही आलं नाही.

जूनमध्ये मॅडमची बदली झाली. सासू-सासरे थकले होते, त्या कितीतरी वर्षांपासून अर्धापूरकडं जाण्यासाठी अर्ज करत होत्या. मी निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला मी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना मॅडमनी तक्त्याची वही माझ्या टेबलावर ठेवली. "सर, तुमचा ठिपका राहिलाय," म्हणाल्या आणि स्टँडकडं निघाल्या. लांबूनही अंबाड्यातली पेन्सिल दिसत होती.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कपाटाला मी कुलूप लावत नाही. जी मुलं सातवीत असतानाच मॅडमनी सूक्ष्मदर्शकावर तयार केली होती, ती आता आठवीत आहेत. आठवड्यातून एकदा तीच टेबल मांडतात आणि बाकीच्यांना दाखवतात. तक्ता एका मुलीकडं आहे. परवा मी तिच्यासमोर जाऊन बसलो. पापुद्रा मीच काढला, काच हळू टेकवली. या वेळी बुडबुडा नव्हता. विटांची भिंत लख्ख दिसली, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आकृती काढली आणि वही पुढं केली.

पोरीनं वही निरखून पाहिली. निळा पेन हातात होता, पण टोपण काढलं नाही.

"केंद्रक कुठंय सर?"

"असतंय की आत, प्रत्येक पेशीत एक," मी म्हटलं.

"हाव, सांगितलंत," ती म्हणाली आणि वही माझ्याकडं परत सरकवली. "आता बघून काढा."

मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुन्हा डोळा लावला.