अमावस्येला फोटो काढणारा माणूस

दादा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. मी पाचवीच्या मुलींना भागाकार शिकवत होते आणि दारात रहमतभाई येऊन उभे राहिले. रहमतभाई म्हणजे तहसील कचेरीसमोर खोक्याच्या कॅमेऱ्यानं अर्जाचे फोटो काढणारे, दादाचे फार जुने दोस्त. एरवी लांबूनच सायकलची घंटी वाजवत येणारा हा माणूस त्या दिवशी टोपी हातात धरून उभा होता... मी खडू ठेवला. काही विचारावं लागलं नाही. दादाला कावीळ झाली होती. उतरेल, उतरेल म्हणता म्हणता ती वाढतच गेली. त्याच दिवशी सकाळी त्यानं मला दवाखान्यातून हाकलून शाळेत पाठवलं होतं. "माह्या खाटेपाशी बसून का करतेस? पोट्ट्या तिकडं बोंबलून रायल्या असतीन," असं म्हणाला होता. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

घरी पोचले तर अंगणात बाया जमल्या होत्या आणि त्यांतली एक लांबची मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "अमावस्येले फोटो काहाडत जाय. अमावस्येनंच नेलं." तेराव्यापर्यंत हे वाक्य इतक्या तोंडांतून कानावर आलं की शेवटी पंगतीतच मी सांगून टाकलं, माझा भाऊ शुद्ध सप्तमीला गेला आहे, आता यापुढे सप्तमीला भीत जा. वाढणाऱ्यांचे हात थांबले. काही जणांना राग आला, तो अजून गेलेला नाही. न जावो. दादा कोण होता आणि अमावस्येला काय करत होता, हे त्या सगळ्यांना एकदा नीट सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव केशोरीच्या बाजूचं. घरची धानाची शेती, पणजोबांच्या हातचा तलाव अजून गावाला पाणी देतो. अशा घरातला थोरला मुलगा गोंदियाला जाऊन फोटोवाला होतो, हे बाबांना कधी पचलं नाही. शंकरदादा आधी गुप्ताजींच्या स्टुडिओत शिकला आणि १९४७ साली स्टेशनच्या रस्त्यावर त्यानं स्वतःचा स्टुडिओ उघडला. गुप्ताजींकडे संगमरवरी जिन्याचं चित्र काढलेला पडदा होता. बिरसीचा शेतकरी असो की राईस मिलचा मुनीम, सगळे त्या जिन्याच्या पायथ्याशी हात ठेवून उभे राहत. दादाकडे पडद्याला पैसे नव्हते आणि पुढे आले तरी त्यानं पडदा घेतला नाही. त्याच्याकडे उत्तरेची मोठी खिडकी होती, एक पांढरी चादर होती आणि एक लाकडी खुर्ची. मी शिकायला म्हणून त्याच्या नि वहिनीच्या घरी येऊन राहिले आणि शाळा सुटली की स्टुडिओत काचा धुऊ लागले. तेव्हा फिल्मऐवजी काचेवरच फोटो उतरत असे, आमच्या स्टुडिओत अजूनही उतरतो.

अमावस्येची गोष्ट अशी, की त्या दिवशी आमच्याकडे कोणी फोटो काढून घेत नाही. आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्न ठरलेलं असो, परीक्षेच्या अर्जाला फोटो हवा असो, अमावस्या टळल्याशिवाय माणूस स्टुडिओची पायरी चढायचा नाही. त्यामुळे गावातल्या फोटोवाल्यांना महिन्यातून एक सुटी आपोआप मिळे. त्या दिवशी गुप्ताजी आणि रहमतभाई दादाकडे येत, शेंगा फोडत आणि गिऱ्हाइकांना शिव्या देत. असे बरेच महिने गेले. मग एकदा दादाच म्हणाला, शेंगा खाऊन काय मिळणार, काही तरी काढू या. तेव्हापासून 'बारी' सुरू झाली. प्रत्येक अमावस्येला एकाची बारी. त्यानं हुकूम द्यायचा, अमुक प्रकारचा चेहरा आणा. बाकीच्यांनी आणि त्यानं स्वतःही पुढच्या अमावस्येपर्यंत तसा एक फोटो काढायचा. काच एकच. बिघडली तर बिघडली, दुसरी नाही. मग तिन्ही फोटो खिडकीशी लावायचे आणि एकमेकांची यथेच्छ धुलाई करायची. बक्षीस काही नव्हतं. ज्याचा फोटो सगळ्यांत वाईट ठरे त्यानं पुढच्या वेळी शेंगा आणायच्या, एवढंच.

एकदा रहमतभाईंनी हुकूम दिला, ज्याचा फोटो जन्मात निघाला नाही असा माणूस, आणि तोही हसता. आमच्याकडे फोटोत हसायची पद्धत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दादा पॅसेंजरनं सालेकशाला गेला, मोहफुलं वेचणाऱ्या एका म्हातारीपुढे कॅमेऱ्याची तिपाई मांडली. ती टोपली टाकून ओरडली, "कायले काहाडतस रे फोटो? मेली थोडीच हाओ मी?" तिच्या पाहण्यात फोटो म्हणजे भिंतीवरचा, हार घातलेला. दादाला हसू आवरेना, दादाला पाहून म्हातारीला आवरेना, आणि त्याच क्षणी त्यानं फोटो घेतला. दात नसलेलं ते तोंड अजून आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर आहे. गुप्ताजींनी त्या महिन्यात एका पैलवानाला गुदगुल्या करवून फोटो काढला होता, तो इतका भयंकर निघाला की शेंगा त्यांनाच आणाव्या लागल्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण दादाचं जे मला सांगायचं आहे ते माझ्या चेहऱ्यावरून जातं. लहानपणी मला देवी आल्या. जगले, पण वण राहिले, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मी मॅट्रिक झाल्यावर स्थळं पाहायला सुरुवात झाली आणि दाखवायला फोटो हवा म्हणून दादानंच काढला. काढून झाल्यावर त्यानं काचेवर पेन्सिल चालवली. फोटोवाल्यांचं ते रोजचंच काम. बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काचेवरचे खड्डे भरले की छापताना चेहरा साफ येतो. "साफ करून द्या जी," हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. माझ्यावर माया होती म्हणून दादानं दोन संध्याकाळी बसून मला अशी साफ केली की माझी मलाच ओळख पटेना. फोटो पाहून बिरसीकडचं एक स्थळ धावत आलं. मी पोहे घेऊन बाहेर आले, नमस्कार केला, बसले. नाव-गाव विचारून झालं. मग मुलाची आत्या बाबांना म्हणाली, "मोठी पाह्यली. आता तिले आना." बाबांना काही कळेना. आत्यानं फोटो पुढे केला, "हे पोरगी. इले कोठी लपवली?" आम्ही दोघी बहिणी आहोत आणि आधी मोठीला खपवायचा घाट आहे, असं त्या भल्या लोकांना वाटलं होतं! मी एकटीच आहे हे पटल्यावर ते पोहे तसेच ठेवून उठले. फसवलं म्हणाले. आणि खरं सांगते, फसवलंच होतं.

त्या रात्री दादा जेवला नाही. मला त्याचा राग आला होता आणि तो मी तोंडावर बोलूनही दाखवला. तुला माझी लाज वाटली म्हणून तू मला पुसलंस, म्हटलं. पुढच्या अमावस्येला बारी त्याची होती. गुप्ताजी, रहमतभाई बसले होते, मी चहा देत होते. दादा म्हणाला, "हुकूम असा. पेन्सिल बंद. जसा चेहरा तसा फोटो." गुप्ताजी हसले. म्हणाले, "शंकर, ऐसा फोटो लेगा कौन? आदमी पैसे देकर अपने दाग़ देखेगा?" दादा म्हणाला, ते पुढचं पुढे पाहू. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "सुमन, बसतेस?" मी म्हटलं, आज अमावस्या आहे. म्हणाला, "म्हनूनच आज. कोनी येनार नाही, खिडकी आपलीच हाय." मी बसले. त्यानं मला खिडकीकडे तिरपं बसवलं, म्हणजे उजेड गालावरून आडवा यावा आणि एकही वण लपू नये. मी सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. रागातच पाहिलं. आजही तो फोटो पाहिला की मला मी आवडते, आणि हे म्हणायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

फोटो त्यानं रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात लावला, मला विचारून. गावभर बोभाटा झाला. येणारे-जाणारे थांबत, कोणी हळहळत, कोणी हसत. महिन्याभरात गिऱ्हाईक आटलं, कारण इथे वणांसकट फोटो निघतो अशी ख्याती पसरली. आणि मग बाबा आले. सकाळच्या मोटरीनं उतरून थेट स्टुडिओपुढे. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून कपाटावर टाकला. दादानं बाहेर येऊन तो उचलला, नीट घडी करून त्यांच्या हातात दिला.

"पोरीचा तमाशा मांडून रायलास?" बाबा म्हणाले.

"तमाशा तं मांगच्या फोटोचा झाला, बाबा. हे सुमन हाय."

"काढ तो."

"तिले इचारा. माहा नाही तो, तिचा हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं थांबली होती. मी म्हटलं, "राहू द्या, बाबा." ते दुपट्टा खांद्यावर टाकून आल्या पावली गेले. त्यानंतर बाबा गोंदियाला येत, आमच्या घरी जेवत, नातवंडांना खाऊ देत, पण स्टुडिओत त्यांनी कधी पाय ठेवला नाही आणि दादानंही त्यांची मनधरणी केली नाही. दोघं सारखेच हट्टी. लग्न माझं झालं नाही, त्याची हळहळ आता लोकांनी आवरावी. मी शाळेत शिकवते, स्वतःचं खाते. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. काही जण तर येऊन मुद्दाम सांगत, "मास्तरनीचा हाय तसा काढा." आणि पेन्सिल बंदचा हुकूम दादानं स्वतःपुरता कधी मागे घेतला नाही. मरेपर्यंत त्यानं एकाही चेहऱ्याला हात लावला नाही. मिलमालकांनी दटावलं तरी नाही. आणि माझ्या फोटोपासून बारीचा एक फोटो अमावस्येलाच, त्याच खुर्चीवर काढायचा, हा त्याचा नेम झाला; लोक नावं ठेवत ती यालाच.

तेरावं उरकल्यावर वहिनीनं स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली. अमावस्या जवळ आली तसे गुप्ताजी घरी आले. आता म्हातारे झालेत. "इस बार रहने देते हैं, बिटिया. लोग क्या कहेंगे?" मी म्हटलं, "लोग तो कह चुके, चाचाजी." रविवार होता. सकाळीच स्टुडिओ उघडला, चादर धुतलेली होती ती टांगली. रहमतभाई आले, मागून गुप्ताजीही आलेच. या वेळची बारी दादाची होती. हुकूम कोण देणार, कोणालाच सुचेना... शेवटी रहमतभाई म्हणाले, "हुकूम उसी का चलेगा. पेन्सिल बंद." ठीक. पण खुर्ची रिकामी. मरण ताजं, त्यात अमावस्या, बसणार कोण? शेजारच्या पानवाल्याला विचारलं तर त्यानं दुकानाची फळीच ओढली.

दुपार कलताना पायरीवर बाबा दिसले. चप्पल काढली, आत आले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते त्या खोलीत उभे होते. भिंतींवरून नजर फिरवली, ती मोहफुलांच्या म्हातारीच्या फोटोपाशी जरा थांबली. मग विचारलं, "आज कोन बसते?"

"कोणी नाही, बाबा."

ते जाऊन खुर्चीवर बसले. "काढ."

"बाबा, अमावस्या आहे."

"मालूम हाय मले." आवाज चढला त्यांचा. "नेवाचं असन तं मले ने म्हना तिले. अमावस्येचं नाव घेऊन माह्या पोराले बदनाम करून रायले सारे."

गुप्ताजींनी तोंड फिरवलं. मी काळ्या कापडाखाली शिरले आणि तिथे मला जरा वेळ लागला. बाहेर येऊन काच चढवली, म्हटलं, हलू नका. बाबा खिडकीच्या उजेडात ताठ बसले होते. मी भिंगावरचं झाकण काढलं आणि तेवढ्यात त्यांची हनुवटी थरथरली, मग सगळा चेहराच. मी झाकण लावलं तरी ते रडतच होते. बारीचा नियम तो नियम, काच एकच.

फोटो धुऊन निघाला तेव्हा बाबा तिथेच बसून होते. खुर्ची स्वच्छ आली होती, खांद्यावरचा दुपट्टा स्वच्छ, हात स्वच्छ. चेहरा तेवढा हललेला. गुप्ताजी हळूच म्हणाले, आपण तिघं-चौघंच आहोत, कोणाला कळणार, पेन्सिलीनं डोळे-नाक बसवून देतो. बाबांनी ओला कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला.

"नोको," म्हणाले. "हलूनच रायलो हाव मी. राहू दे."

तसाच लावला आहे, रस्त्यावरून दिसेल असा. पुढच्या अमावस्येला बारी माझी आहे.