दंडाचा रंग

द्वारकाअक्का साडी निवडायला बसली की आधी समोरच्या बाईचा दंड धरायची. विचारायची वगैरे नाही. मनगटाला धरून ओढायची, झंपराची बाही खांद्यापर्यंत वर सारायची आणि उघड्या दंडावर पदर टाकून डोळे बारीक करून बघायची. "तोंडले पावडर लागस, दंडले नई," असं तिचं म्हणणं. तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहायचे.

ती माझी सख्खी आत्या. धुळ्याला एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पण आमच्या भाऊबंदांत कुणाचंही लग्न ठरलं की बस्त्याला अक्का लागायचीच. बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून करवलीच्या परकरापर्यंत अख्ख्या लग्नाचे कपडे एकाच दुकानात, एकाच दिवशी घ्यायचे. गादीवर वीस-पंचवीस बायका बसणार आणि प्रत्येकीला दुसरीच्या हातातली साडी हवी असणार. तिथं गोड बोलून कुणाचं काही झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. अक्का तर कंबर कसूनच आलेली असायची. एकदा दुकानातला माणूस फिकट गुलाबी साडी उलगडत म्हणाला, "हा रंग सगळ्यांनाच खुलतो." अक्कानं अख्खा गठ्ठा त्याच्या तोंडावर फेकला. "बठ्ठास्ले खुलस ना? मंग तूच नेस!"

फैजपूरच्या एका वरमाईनं नेमकी तीच गुलाबी साडी धरून ठेवली. बाई रंगानं चांगली सावळी. अक्कानं दुसरं टोक पकडलं. दोघी ओढत राहिल्या. बांगड्या फुटल्या, वरमाईच्या मनगटातून रक्त आलं आणि शेवटी साडीच टर्रकन फाटली. "रंग काय नवरा शे का, नई आवडना तरी निभावाले?" असं म्हणत अक्कानं तिच्या अंगाला गर्द हिरवी साडी गुंडाळली. मांडवात ती बाई अशी दिसत होती की नवरीकडे कुणी बघेना. हाताला पट्टी, आणि अक्काच्या गळ्यात पडून हसत होती. मी अक्काला फार भ्यायचे आणि माझा तिच्यावर जीवही होता. या दोन्ही गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

माझे काका, म्हणजे नाना, अक्काचे धाकटे भाऊ. ते जळगावला पिंप्राळ्यात राहतात. त्यांच्या धाकट्या मुलीचं, कविताचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा थोरल्या सुषमाच्या सासरचाच, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्यामुळे बस्त्याच्या दिवशी जावईबापूंचा, म्हणजे सुषमाच्या नवऱ्याचा, थाट विचारू नका. आम्ही सगळे गादीवर आणि त्यांना एकट्यांना खुर्ची, हातात थंडगार लस्सी. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. नाना सकाळपासून त्याच ग्रहाभोवती फिरत होते.

चैत्रातलं जळगावचं ऊन, आणि सुषमा मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालून बसलेली. तिची पाळी आली.

"दंड दे," अक्का म्हणाली.

"राहू दे ना अक्का. कोणतीही चालेल मला."

"कोनतीबी चालस म्हननारी बाई माले चालत नई." अक्कानं बाही वर सारली. ती कोपराशी अडली. सुषमानं हात मागे घेतला, तसा अक्कानं दोन्ही हातांनी हिसका दिला आणि बाही खांद्यापासून उसवून हातात आली.

दंड काळानिळा होता. त्याच्याखाली जुने, पिवळे पडलेले डाग. आणि एक गोल चटका, विडीचा.

अक्कानं उसवलेली बाही खाली ठेवली. मग तिनं मांडीवरची जांभळी साडी उचलली, त्या दंडावर पसरली आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, "सांगा माले. याना वर कोनता रंग खुली?"

जावई हसला. "मोरीत पाय घसरला तिचा. धांदरटच आहे."

कापड मोजायचा लोखंडी गज दुकानदाराच्या हातात होता. तो अक्काच्या हातात कधी गेला ते मला दिसलं नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. लस्सीचा ग्लास फुटला. जावई खुर्चीसकट आडवा झाला, तिथंही तिनं त्याला सोडलं नाही. उलगडलेल्या साड्यांवर रक्ताचे शिंतोडे उडाले. बायका किंचाळत होत्या. मला, खरं सांगते, बरं वाटत होतं.

नाना धावले. त्यांनी गज हिसकावला आणि सगळ्यांच्या देखत थोरल्या बहिणीच्या थोबाडीत मारली. "जावईवर हात टाकस? मन्ही दुसरी पोरनं लगन मोडाले बसनी का?"

अक्काचा ओठ फाटला. ती पडली नाही. पदरानं तोंड पुसून, जावयाकडे बोट करत ती नानांना म्हणाली, "तुले हात शे, हाई माले आज समजनं. आते तिकडे उचल."

नानांचा हात खालीच राहिला. ते खाली वाकून जावयाला उठवू लागले. तेव्हा सुषमा उठली, उघड्या दंडावर पदर घेतला आणि अक्काच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोघी जिना उतरून धुळ्याच्या गाडीत बसल्या.

लग्न मोडलं नाही. नानांनी हातापाया पडून ते सांभाळलं, फक्त अक्काला पत्रिका गेली नाही. अक्काचा हललेला दात आठवडाभरात पडला. सुषमा तिच्याकडेच राहिली, एका दवाखान्यात कामाला लागली, नवऱ्यावर केस केली. एकदा तो दोन मित्रांना घेऊन तिला न्यायला आला. अक्का विळा घेऊन उंबऱ्यात बसली. "ये ना, आत ये," म्हणाली. "पन हात बाहेर ठेवीसन ये." तो आला नाही, परत कधीच आला नाही.

नाना मात्र बहिणीच्या दारात गेले नाहीत. तिनंही बोलावलं नाही. त्यांनी तिथं पाऊल टाकलं ते यंदाच्या थंडीत, अक्का झोपेतच वारली तेव्हा. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत आमच्याकडे. नानांनी जळगावहून भारीतली साडी आणली होती. ओटा माणसांनी भरलेला. सुषमा दारात आडवी उभी राहिली. इतक्या दिवसांत ती बोलायलाही अक्कासारखी लागली होती.

"चार लोकमा मारं व्हतं नाना, चार लोकमा सांगा."

कुणीतरी म्हणालं, पोरी, ही वेळ आहे का? ती हलली नाही. साडी दोन्ही हातांत घट्ट धरून नाना म्हणाले, "मी अक्काले मारं."

"आनि त्याले?"

नानांनी मान खाली घातली.

"त्याले नई मारं."

सुषमानं त्यांच्या हातातून साडी घेतली आणि अक्काच्या अंगावर घातली.