सासऱ्यांनी सरळ केलेली वीज

‘हे तू हातानं काढलंस,’ माझे गाइड म्हणाले आणि माझा तीन महिन्यांचा आलेखकागद त्यांनी मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांनी उचलून मला परत दिला.

मी गारच पडलो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि नागपूरच्या या सरांकडे पीएचडी करायचो. माझा प्रयोग दिसायला साधा होता. काचेच्या दोन तावदानांमध्ये विरळ वायू कोंडायचा आणि त्यात वीज सोडायची. तुम्हाला वाटेल, सगळा वायू सारखा उजळेल. छे! त्यात गुलाबी ठिपके उमटायचे, सैरावैरा धावायचे आणि मग शहाण्या मुलांसारखे मधमाशीच्या पोळ्याच्या घडणीत जाऊन बसायचे. कोणी बसवलं त्यांना? कोणीच नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बटण बंद केलं आणि लॅबच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

माझं म्हणणं असं होतं की पेटलेला ठिपका आपल्या भोवतालची वीज खाऊन टाकतो, म्हणून लगतची जागा पेटत नाही. एवढ्या एका नियमातून सगळी नक्षी आपोआप येते. ते सिद्ध करायला विद्यापीठाचा संगणक होता, पण आपला नंबर महिन्यातून एकदा लागायचा आणि एक कार्ड चुकीचं पंच झालं की पुन्हा महिनाभर वाट पाहायची. म्हणून मी चौकटीच्या कागदावर हातानं आकडेमोड केली. पोळं आलं! आणि सर म्हणत होते, मी ते काढलं.

‘माझ्यासमोर करून दाखव,’ ते म्हणाले. ‘तुझा हात लागता कामा नये. नाही जमलं, तर हा प्रबंध इथेच संपला.’

माझा हात नाही, मग कोणाचा? मी थेट सासुरवाडी गाठली, आंजीला. सासऱ्यांचं अंगण ऐसपैस होतं आणि माझ्या बायकोनं हाक मारली की गल्लीतल्या आठ जणी हजर व्हायच्या. रविवारी सकाळी सर बसनं आले. सासऱ्यांनी त्यांना बाजेवर बसवलं. सारवलेल्या अंगणात बायकांनी रांगोळीनं चौकटी आखल्या. खेळ असा होता: दर फेरीला प्रत्येक घरात एक सरकी टाकायची. सरकी म्हणजे विजेचा दाब. पाच सरक्या साचल्या की ते घर पेटलं, त्यावर लाल मिरची ठेवायची. पेटलेल्या घरानं दर फेरीला आसपासच्या घरांतली एकेक सरकी खायची. ज्या घरातल्या सरक्या संपल्या, तिथली मिरची उचलायची.

‘शिकलेले लोक असे खेळून राह्यले?’ एक काकू म्हणाल्या.

‘तुमी मुकाट्यानं सरकी टाका,’ माझी बायको म्हणाली. ‘यांची नोकरी हाय यात.’

तासभर नुसता गोंधळ. मिरच्या कुठेही पेटत होत्या, कुठेही विझत होत्या. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. आणि मग, हळूच, एक मिरची विझून बाजूला पेटली, मग दुसरी, आणि मधोमध पोळ्याची पहिली चार-पाच घरं दिसली! सर बाजेवरून उठले, पण तेवढ्यात सासूबाईंनी पोहे झाल्याची आरोळी दिली. आम्ही सगळे आत गेलो. सासरे पोहे खात नसत. ते एकटेच अंगणात राहिले.

परत आलो तर अंगणात मिरच्यांच्या सरळ ओळी. आडव्या सरळ, उभ्या सरळ. सरांचा चेहरा दगडासारखा झाला.

‘हे निसर्गानं केलं?’

तेव्हा सासरे छाती काढून पुढे आले. ‘जवाईबापू, म्या नीट करून देल्लं. लय वाकडं लागलं होतं. चौफुलीवर नसलं तं तण काढाले डवरा कसा फिरन? आडवा फिरला पायजे, उभाबी फिरला पायजे.’

आयुष्यभर दोरी धरून कापसाची सरकी चौफुलीवर, म्हणजे आडव्या-उभ्या सरळ ओळींत, बोटानं मातीत टोबत आलेला माणूस! जावयाची वाकडी लागवड त्यांच्यानं बघवली नाही. संपलं. प्रबंध, पीएचडी, सगळं डवऱ्याखाली गेलं.

बायको वडिलांवर ओरडणार इतक्यात सर म्हणाले, ‘थांबा. आहे तसंच राहू द्या. पुढची फेरी चालू करा.’

बायकांनी पुन्हा सरक्या टाकल्या. पहिल्या फेऱ्यांत काही हललं नाही. सासरे खुशीत मिशा पिळत होते. मग दिसलं, की चार मिरच्यांच्या ऐन मधलं घर सगळ्यांपासून लांब होतं. तिथली सरकी खायला कोणीच नव्हतं. तिथे मिरची पेटली. तिनं शेजारणींना उपाशी मारलं. त्या विझल्या आणि दुसरीकडे पेटल्या. एक ओळ वाकली, मग दुसरी. दुपार व्हायच्या आत सासऱ्यांच्या चौफुलीचा मागमूस राहिला नाही आणि सगळं अंगण पोळं होऊन बसलं. आठही बायकांचे हात हवेत थांबलेले.

‘अगं बाई, आमी तं काईच नाई केलं!’ काकू पुटपुटल्या. मघाशी खेळ म्हणणाऱ्या त्याच काकू आता दोन पावलं मागे सरकल्या.

सर अंगणाच्या कडेनं एक फेरी मारून आले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मोडून पाहायचं मला सुचलं नव्हतं. तुझ्या सासऱ्यांना सुचलं.’ बस पकडण्यापूर्वी त्यांनी माझ्या त्याच आलेखकागदावर सही केली.

सासरे मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मृगात मी मुद्दाम त्यांच्या शेतावर गेलो. दोरी ताणलेली, ओळी चौफुलीवर, तासून काढल्यासारख्या.

‘पाहून घ्या,’ ते म्हणाले. ‘इथं सरकी म्या टोबली तिथंच राह्यते.’