ठकू घालणे

आमची ठकूआत्या हात रिकामे ठेवून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. चहासुद्धा ती उभ्यानेच प्यायची. कुणी 'बस की जरा' म्हटलं, तर म्हणायची, "बसाया काय, मेल्यावर निजायचंच हाय की!"

काष्टीजवळच्या आमच्या गावात कांद्याची खुरपणी निघाली की बायका शेजारी शेजारी एकेक पात धरतात. पात म्हणजे जिच्या-तिच्या वाट्याची पट्टी. जिची आधी संपेल तिने बांधावर लिंबाखाली जाऊन पाणी प्यावं, ही रीत. आत्याचा हात भलता चलाख. तिची पात सगळ्यांत आधी संपायची आणि ती उलटी फिरून, मागे पडलेल्या बाईच्या पातीवर समोरून खुरपत यायची. दोघींची गाठ पडली की म्हणायची, "आलं बघ तुझं माहेर!"

बांधावरच्या बायकांना हे कसं रुचणार? त्यांच्या बसण्याला उणेपणा यायचा ना! कुणी उगाच दुसरीचं काम ओढून घेतलं की त्या नाक मुरडायच्या, "घाल बाई ठकू, घाल!" त्यात सोनामावशीचा आवाज सगळ्यांत मोठा. आत्याला मात्र गंमत वाटायची. "नाव तरी घेत्यात," म्हणायची.

पुढे एकेकीवर मागे पडायची पाळी आली. कुणाचं बाळंतपण झालेलं, कुणाच्या अंगात ताप; प्रत्येकीच्या पातीवर समोरून आत्या आलीच. टोमण्यातलं विष गेलं, शब्द तेवढा राहिला. आता शाळेतली पोरंही गणितात एकमेकांना ठकू घालतात. मला तर तो शब्द अख्ख्या महाराष्ट्राचा वाटायचा. कॉलेजच्या निबंधात लिहिला, तर बाईंनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली. मला बाईंचीच दया आली.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेले, तेव्हा आत्याचे गुडघे पार गेले होते. सून म्हणाली, "आत्याबाई, आता तुमी घरीच ऱ्हावा." आत्या उसळली, "एकदा का घरी बसवलं, की मग मला कोन इचारतंय?" आणि हट्टाने शेतात आली.

बघता बघता सगळ्या पुढे निघून गेल्या. आत्या एकटी मागे राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं. आता ही उठेल, घरी जाईल आणि पुन्हा शेतात पाऊल टाकणार नाही, असंच वाटलं.

तेवढ्यात समोरून साऱ्या बायका तिच्या त्या एका पातीवर दाटीवाटीने खुरपत येताना दिसल्या. पुढे सोनामावशी. आत्याच्या खुरप्याला खुरपं टेकवून ती म्हणाली, "ठकू घातली गं तुला!"

आत्याने हातातलं खुरपं टाकलं, मातीत फतकल मारली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग पदराने तोंड पुसत विचारलं, "आलं का गं माझं माहेर?"