दर्यावरचे उलटे नाना

नाना उलटे चालायचे. म्हणजे सगळीकडे नाही, पण मैदानावर बऱ्याचदा. क्लबच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच सकाळी खिडकीतून पाहिलं तर एक वाळकुडा म्हातारा, टोपी, धोतर, कमरेला दोरी, आणि गडी गोल गोल मागे मागे सरकतोय. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. शेजारचा शिपाई म्हणाला, ते आमचे नाना, मैदान तेच बघतात.

आमचं मैदान गोल्फचं. धुळ्याबाहेर, पांझरा नदीच्या पलीकडे, जिथे बाभळीसुद्धा विचार करून उगवतात, तिथे गोल्फ. हसू नका, आहे. त्याला जुनी माणसं 'दर्या' म्हणायची. शंभरेक कोस समुद्र नाही आणि नाव दर्या. नानांनी मला त्याचं कारण सांगितलं. धरणाच्या कामावर एक गोरा इंजिनिअर आला होता, त्याचं गाव समुद्राकाठी. तिकडे गोल्फ खेळतात ते वाळूवर, खुरट्या गवतावर, झाड नाही, नुसता वारा. इथलं माळरान बघून त्याला घर आठवलं आणि त्यानं नऊ खळग्यांचं मैदान आखलं. नानांचे आजोबा त्याची पिशवी उचलायचे, मैदान घालायलाही तेच होते. मग वडिलांनी मैदान सांभाळलं, मग नानांनी.

नानांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. मी एकदा अलिबागला जाऊन आलो होतो, तेवढ्यावर मी त्यांच्या लेखी समुद्रातला जाणकार. एके दिवशी दुपारी विचारलं, "भाऊ, समुद्र कसा ऱ्हास?" समुद्र कसा असतो, हे मी काय सांगणार? वाळू असते म्हटलं, वारा असतो, लांबपर्यंत मोकळं असतं आणि पाणी. त्यांनी मैदानाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "मंग आठे पानीच नही. बाकी बठ्ठं शे." पाणी तेवढं नाही, बाकी सगळं आहे, असा हिशोब लावून ते चहा प्यायला लागले.

तर उलटं चालण्याचं. गोल्फमध्ये चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याच्याभोवती मऊ हिरवळ लागते. आमच्याकडे प्यायला पाणी दिवसाआड, हिरवळ कुठली? म्हणून त्या जागी काळ्या वाळूचं गोल अंगण असायचं. त्याला सगळे 'काळा' म्हणायचे. पहिला काळा, दुसरा काळा, असे नऊ. नानांच्या तोंडी तो 'काया'. खेळून झालं की त्यावर पाय उमटतात, ते पुसायचे. फळीला गोणपाट गुंडाळलेलं, तिला दोरी. खळग्यापासून सुरुवात करून गोल गोल फिरत काठापर्यंत यायचं. पुढे तोंड करूनही फळी ओढता येते, पण मागे काय राहिलं ते दिसत नाही, म्हणून नाना तोंड फळीकडे ठेवायचे. "आपला पाय दिसाले नको," एवढंच त्यांचं शास्त्र. सवय इतकी हाडात मुरलेली की सेक्रेटरी साहेबांच्या खोलीतूनही ते मागे मागेच बाहेर पडायचे. साहेबांना वाटायचं, केवढा आदर! मी कधी खरं सांगितलं नाही. साहेबांना तेवढंच समाधान.

काळा कशाचा करतात, हे मात्र नाना कुणाला सांगत नसत. वकील, डॉक्टर, पोलीस अधिकारी, सगळे विचारून थकले. नाना म्हणायचे, चोपड्याकडची काळी माती आहे. लोक मान डोलवायचे. त्यांच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं की हात आपला, कृती आपली, सांगितलीस तर उद्या तुझं काम काय? बाप जाऊन जमाना झाला तरी म्हाताऱ्यानं शब्द पाळला.

मग क्लबनं मैदान नव्यानं करायचं ठरवलं. पुण्याची एक कंपनी आली. हिरवळ, फवारे, ओळीनं बंगले, सगळं नकाशावर रंगवलेलं. नव्या इमारतीत एका भिंतीवर मैदानाचा इतिहास लावायचा होता. सेक्रेटरी म्हणाले, तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्ही लिहा. शिवाय जुन्यातलं जपण्यासारखं काही असेल तर त्यातच लिहा, एखादी गोष्ट ठेवू. धरणगावच्या शाळेत निबंधात पहिला यायचो मी. अंगावर मूठभर मांस चढलं.

नानांना सांगितलं तर त्यांनी आधी सगळ्या मैदानावर नजर फिरवली. मग म्हणाले, "एक काया ऱ्हाऊ द्या, भाऊ. पाचवा." पाचवा उंचावर होता. तिथे वारा सगळ्यात जास्त, पण वाळूचा कण हलत नसे. तो आजोबांच्या हातचा, बाकीचे नंतर उकरून पुन्हा घातलेले. मी म्हटलं, नाना, तुमच्या कृतीत काय विशेष आहे ते लिहावं लागेल, नुसती काळी माती म्हटलं तर कोण ठेवणार? दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. तीन पिढ्यांत जे बाहेर गेलं नव्हतं, ते त्यांनी मला सांगितलं.

पांझरेची वाळू, दोनदा चाळलेली. ट्रकच्या गॅरेजमधलं जळकं इंजिन तेल. तीन दिवस उन्हात घोळवायचं. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण तेल ओघळता कामा नये. दर पावसाळ्यानंतर नवा हात द्यायचा. मी सगळं उतरवून घेतलं. रंगात येऊन लिहिलं, प्रत्येक काळ्यात आजवर किती पिपं तेल मुरलं असेल त्याचाही अंदाज घातला, म्हटलं कष्टांची कल्पना यावी. वाचून दाखवलं तेव्हा नाना खूश होते. त्यांनी कागदाला हात लावून पाहिला.

कंपनीच्या बाई सल्लागार होत्या, माती आणि पाणी तपासणाऱ्या. त्यांनी माझा इतिहास मन लावून वाचला. क्लबमध्ये तो असा वाचणाऱ्या त्या एकट्याच. तेलाच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली आणि शांतपणे विचारलं, हे खरं आहे का? मी अभिमानानं हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग ही माती इथे ठेवता येणार नाही, खाली विहिरींचं पाणी आहे. नऊच्या नऊ काळे खोल खणून माती झाकलेल्या गाड्यांतून बाहेर न्यायची. बाई चुकल्या नव्हत्या, हे मी आजही म्हणतो. चोपड्याची काळी माती म्हणून लिहिलं असतं तर पाचवा कदाचित राहिला असता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

नानांना मीच जाऊन सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फळीचं गोणपाट सोडवत होते, तसेच सोडवत राहिले. म्हणाले, "जे शे तेच लिखं ना तुम्ही? मंग." मला रडू आलं नाही, लाज वाटली नाही, काहीच झालं नाही. मी ऑफिसात येऊन हजेरीपट भरला. आजही त्या दिवसाकडे पाहतो तर आत नुसतं बधिर आहे, दात काढल्यावर गाल असतो तसं.

मशीन यायच्या सकाळी नानांनी पाचवा काळा नेहमीसारखा ओढला. उलटे चालत काठापर्यंत आले. एक रेघ नाही, एक पाऊल नाही, काजळ घोटल्यासारखा. मग त्यांनी फळी खाली ठेवली आणि सरळ, पुढे तोंड करून, चपलांसकट मधोमध चालत गेले. खळग्यातली झेंड्याची काठी उपटली आणि तसेच चालत परत आले. काठी माझ्या हातात दिली. काळ्यावर जाता-येताच्या पावलांच्या दोन ओळी राहिल्या. त्या पुसायला मशीन दहा वाजता आलं.

नाना लेकीकडे साक्रीला गेले. मी अजून क्लबमध्येच आहे. भिंतीवर माझा इतिहास लागला, कृतीचा परिच्छेद वगळून. हिरवळ छान आली आहे, खोटं कशाला बोलू. पाचव्याचा खड्डा सगळ्यात खोल गेला होता, तो बुजवण्यापेक्षा त्यात तळं केलं. संध्याकाळी लोक तिथे फोटो काढतात.

मागच्या उन्हाळ्यात नातवाच्या फोनवरून नानांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. माझी, पोरांची चौकशी केली. मग विचारलं, "तठे पानी उनं म्हनतस, खरं का?" मी म्हणालो, हो, पाणी आलंय, पाचव्याच्या जागी तळं झालंय, मोठं आहे.

"मंग आते पानीच शे," नाना म्हणाले.

मी म्हणालो, हो, आता पाणीच आहे. त्यांनी फोन नातवाकडे दिला. दिवाळीच्या आधी त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला, नातवाचा, नाना गेल्याचं सांगायला. झेंड्याची काठी माझ्या टेबलामागे, कोपऱ्यात उभी आहे.